मिरज, सांगली आणि मधला रस्ता

पहिला दिवस: मिरज

"महालक्ष्मी आधी सांगलीला थांबते. तिथं अर्धा डबा रिकामा होतो. तू उठू नकोस. आपलं जंक्शन पुढचं."

मामांचा हा फोन मुंबईहून गाडी सुटायच्या आधी आला आणि सकाळी सांगली आल्यावर पुन्हा एकदा आला. मामांनी उभी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून केली. त्यांच्या लेखी सांगली म्हणजे मिरजेच्या आधीचा एक थांबा, आणि तोही नाइलाजाने दिलेला. दोन स्टेशनांमधलं अंतर सात-आठ किलोमीटर. पुणे–हुबळी आणि कोल्हापूर–पुणे या दोन्ही वंदे भारत गाड्या एवढ्याशा अंतरात दोनदा थांबतात. एक थांबा गाळून बघा म्हणावं रेल्वेला!

मुंबई-पुण्याची चढाओढ सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. मला कुतूहल या दोन गावांचं, कारण ही तर कागदोपत्री एकच शहर आहेत. ९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. पण मिरजेचा माणूस "मी सांगलीचा" असं परदेशात गेला तरी म्हणायचा नाही.

स्टेशनातून बाहेर पडलं की कानावर मराठीइतकंच कानडी पडतं. अथणी, चिकोडी, विजापूरकडून आलेली माणसं, हातात एक्स-रेची मोठी पाकिटं. रस्त्यावर ओळीने दवाखाने, लॅब, औषधांची दुकानं, नातेवाइकांसाठी लॉज. मिरजेला आरोग्यपंढरी म्हणतात ते यासाठी. सुरुवात डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये काढलेल्या रुग्णालयापासून झाली. गावात त्याला अजून नुसतं 'मिशन' म्हणतात. तिथे शिकलेल्या, काम केलेल्या डॉक्टरांनी आजूबाजूला स्वतःचे दवाखाने थाटले, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि रेल्वेचं जाळं होतंच. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर या सगळ्या वाटा इथे मिळतात. रोगी गाडीत बसला की थेट डॉक्टरच्या दारात. गाव वाढायला आणखी काय लागतं?

मामांना मात्र रेल्वेबद्दल बोलायचं होतं. "मीटरगेजच्या जमान्यात मेन लाइन सांगलीला जातच नव्हती. माधवनगरवरून जायची. सांगलीला मिरजेतून नुसता एक फाटा. ब्रॉडगेज केली तेव्हा लाइन वळवून सांगलीतून नेली." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की, जणू घरातलं सोनं गहाण पडलं होतं. मग २०१६ च्या एप्रिलमधली पाण्याची गाडी आली. लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेतून टाक्यांची रेल्वे भरून गेली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. "सगळ्या देशानं टीव्हीवर नाव बघितलं. मिरज!"

दुपारी किल्ल्याकडे गेले. तट आणि खंदक आता शोधावे लागतात, पण भांडणाचं मूळ तिथेच आहे. पेशवाईत मिरज पटवर्धनांकडे आली. पुढे कर्ता पुरुष गेला, वारस चिंतामणराव लहान, कारभार चुलते गंगाधररावांकडे. पुतण्या मोठा झाल्यावर बिनसलं. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब मिरज सोडून कृष्णेकाठच्या सांगली नावाच्या लहानशा गावात गेले आणि तिथे त्यांनी राजधानी वसवली. म्हणजे सांगली शहर म्हणून जन्माला आली तीच भाऊबंदकीतून. पुढे १८२० मध्ये मिरजेचेही दोन तुकडे झाले, थोरली पाती आणि धाकटी पाती. मी हे मामांना म्हटलं तर म्हणाले, "म्हणजे मूळ घर कुठलं ते तूच सांग."

सतारमेकर गल्लीत संध्याकाळ गेली, आणि खरं सांगायचं तर मिरजेत मला सर्वांत जास्त तीच आवडली. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करायला घेतली, ती अजून करताहेत. भोपळे सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. भोपळा भिजवायचा, कापायचा, आतून साफ करून त्याला आकार द्यायचा, मग दांडी जोडायची, खुंट्या बसवायच्या. सर्वांत अवघड जवारी. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानाने ऐकत घासायचा. एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची तार छेडत होते, घोडीवर कानस फिरवत होते, पुन्हा छेडत होते. अर्धा तास हेच. मला पहिल्या आणि शेवटच्या आवाजातला फरक कळला, मधले कळले नाहीत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. "सांगलीला हळदीचं मिळालं होतं," कारागिरांचा मुलगा म्हणाला, "आता आमचंबी झालं." तिथेही हिशेब होताच.

रात्री मीरासाहेबांच्या दर्ग्यात. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले, त्यांना इथेच दफन केलं आहे. उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा असतो आणि आवारात संगीतसभा भरते. ही मिरज दवाखान्यांच्या आधीची. ती अजून आहे, फक्त तिथे पोचायला ॲम्ब्युलन्स, रिक्षा आणि हातगाडे यांच्यामधून वाट काढावी लागते.

दुसरा दिवस: मधला रस्ता

मामींनी सकाळीच जाहीर केलं की, सांगलीला जायचं तर सिटी बसने जा, रिक्षावाला लुबाडेल. चांगला सल्ला होता. बसच्या खिडकीतून जे दिसलं ते दोन्ही गावांत मिळून दिसलं नसतं.

पन्नाससाठ वर्षांपूर्वी इथे माळ होता असं मामा सांगतात. त्यांचं खरं असावं, कारण रस्त्यावरच्या जुन्या संस्थाच तशी साक्ष देतात. वानलेसवाडीत क्षयरोग्यांचं आरोग्यधाम बांधलं गेलं, कारण रोग्याला गावापासून लांब मोकळी हवा हवी. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं. दोन गावांच्या अधेमधे, पोरांना अभ्यासाला शांतता मिळावी असं. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चं. गावाला जे गावात नको होतं किंवा गावात मावत नव्हतं, ते सगळं माळावर.

आता त्या शांततेच्या जागी विश्रामबागचा चौक आहे. गाड्यांच्या शोरूम, कोचिंग क्लास, सोन्याच्या पेढ्या, कॅफे, दहा मजली इमारती. मिरजेकडून बस पुढे सरकते तसं 'आता मिरज संपली' असं म्हणायला जागाच मिळत नाही. शेजारच्या बाईंना विचारलं, हद्द कुठे? त्या म्हणाल्या, "हद्द कसली, ह्ये सगळं विश्रामबागच म्हणत्यात आता." त्या मूळच्या मिरजेच्या, ब्राह्मणपुरीतल्या. जुना वाडा भावांनी विकला आणि फ्लॅट इकडे घेतला.

मी विजयनगरला उतरले. नवं जिल्हाधिकारी कार्यालय इथे, जिल्हा न्यायालय इथे. पूर्वी ही कचेरी सांगलीच्या राजवाड्याच्या आवारात होती. सांगलीकरांना वाटतं, कचेरी मिरजेच्या बाजूला सरकली. मिरजकरांना वाटतं, मिरजेत आलीच नाही. दोघांचंही खरं आहे. कचेरीबाहेर स्टॅम्पवाले, झेरॉक्स, चहा, नाष्ट्याच्या गाड्या यांचं एक गावच वसलं आहे. तिथल्या एका टायपिस्टने मला एक गंमत सांगितली, जी मला आधीच कळायला हवी होती. जिल्ह्याचं नाव सांगली, जिल्ह्याचं ठिकाण सांगली, पण सांगली शहर ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याचं नाव मिरज! "सातबाऱ्यावर 'तालुका मिरज' लिहिताना सांगलीवाल्याचं तोंड बघा एकदा," ते म्हणाले. बहुतेक ते मिरजेचे असावेत.

इथे, उन्हात उभ्या उभ्या, मला या भांडणातली मेख कळली असं वाटलं. सांगली वाढली की मिरज वाढली, यावर दोन्ही गावं हमरीतुमरीवर येतात. पण गेल्या वीसपंचवीस वर्षांत वाढला आहे तो हा रस्ता. पैसा, कचेऱ्या, तरुण जोडपी, नवे दवाखाने सगळे दोन्हीकडून निघून इकडे येताहेत. मिरजेचा वाडा पडतो आणि सांगलीचं जुनं घर गोदाम होतं. तरी मिरजकर त्याचा ठपका सांगलीवर ठेवतो आणि सांगलीकर मिरजेवर. विश्रामबागला कोणी काही बोलत नाही, कारण तिथे दोघांचाही प्लॉट असतो.

तिसरा दिवस: सांगली

मुक्काम मैत्रिणीकडे, गावभागात. तिचे सासरे आप्पा, हळदीचे जुने अडत्ये. दुकान आता नातू बघतो, पण आप्पा सकाळी सदरा घालून तयार असतात.

"मामा रेल्वेतले ना तुमचे? पाण्याच्या गाडीचं सांगितलंच असंल," आप्पांनी पहिल्याच चहाला विचारलं. मी हो म्हटलं. "पाणी कृष्णेचं. कृष्णा कुठली?" मी गप्प बसले. या प्रश्नाला सांगलीत एकच उत्तर असतं.

कृष्णा सांगलीचीच, हे आयर्विन पुलावर उभं राहिलं की पटतं. १९२९ चा पूल, त्यावर फुटांच्या खुणा. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. पावसाळ्यात सांगलीत कोणी भेटलं की तब्येत विचारायच्या आधी "किती फूट?" असं विचारतात. २००५ मध्ये पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं. लोक म्हणाले, असा पूर शंभर वर्षांतून एकदा. चौदा वर्षांनी, २०१९ मध्ये, ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. २०२१ मध्ये पुन्हा आलं. मैत्रिणीच्या घरात भिंतीवर २०१९ ची रेघ अजून आहे, रंग दिला तरी मुद्दाम ठेवलेली. ती माझ्या डोक्याच्या वर आहे. हरभट रोड, मारुती चौक, स्टेशन चौक, सगळीकडे होड्या फिरल्या. कापडपेठेतल्या व्यापाऱ्यांनी दिवाळीचा भरलेला माल उचलून फेकला.

मधल्या रस्त्याला एवढा भाव का आला, याचं निम्मं उत्तर या रेघेत आहे. विश्रामबाग उंचावर. पूर ओसरला की लोक आधी घर धुतात आणि मग तिकडचे फ्लॅट बघायला जातात. गेल्या पंधरा वर्षांत तिकडे अपार्टमेंटांचं पेव फुटलं ते उगाच नाही. महापालिकेची हद्द कागदावर कुठेही असो, इथे नदीने शहर पूर्वेकडे ढकललं आहे.

गणपती मंदिर काळ्या दगडाचं, प्रशस्त, आणि सकाळी सातला फार सुंदर. चिंतामणराव मिरजेतून निघताना घरचे देव बरोबर घेऊन आले असं सांगतात. मिरजेत हीच गोष्ट जरा वेगळ्या क्रियापदाने सांगतात. याच चिंतामणरावांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आणि सांगली नाट्यपंढरी. यावर मिरजेचं उत्तर तयार असतं: बालगंधर्व रंगभूमीवर पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत, १९०५ मध्ये. म्हणून सांगलीत भाव्यांच्या नावाचं नाट्यगृह आणि मिरजेत बालगंधर्वांच्या नावाचं. चांगल्या नाटक कंपनीने दोन्हीकडे प्रयोग लावावा, भांडण नको आणि गल्लाही दुप्पट.

दुपारी आप्पांबरोबर मार्केट यार्डात. हवेत हळदीची धूळ, हमालांचे सदरे पिवळे, माझा दुपट्टाही तासाभरात पिवळा. हळकुंड आणि गड्डा वेगळा, प्रत्येक ढिगापाशी थांबत सौदे पुढे जातात. खरेदीदार हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, मगच बोलतो. राजापुरी हळदीचा हा जुना बाजार, २०१८ मध्ये मानांकनही मिळालं. पण आप्पांची काळजी मिरज नाही. "हिंगोलीकडं वसमतला आता मोठा बाजार झाला. तिकडचा शेतकरी तिकडंच घालतो. तमिळनाडूत ईरोड, तेलंगणात निजामाबाद. बेदाण्याला तासगाव हायच छातीवर. आमची पोरं मिरज-मिरज करत बसल्यात." यार्डात उभं राहून ऐकलेलं हे वाक्य मला अख्ख्या प्रवासातलं सर्वांत शहाणं वाटलं. आप्पा मात्र दोन मिनिटांनी म्हणाले की, मिरजेत चहासुद्धा धड मिळत नाही.

उन्हं कलल्यावर हरिपूर. इथे वारणा कृष्णेला मिळते आणि संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. हरिपूर प्रसिद्ध होतं ते हळदीच्या पेवांसाठी. जमिनीत खोल खणलेली कोठारं, तोंड लहान, पोट मोठं. आत हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नसे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, कारण आत हवा नसते. आधी काही तास उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, तो जळत राहिला तर माणूस उतरणार. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि तो धंदा मोडला. हळद आता शीतगृहांत जाते. ज्या शेतात आप्पांच्या वडलांची पेवं होती तिथे एन.ए. प्लॉटचे दगड रोवलेले दिसले. पुराच्या पट्ट्यात घर कोण घेणार, मी विचारलं. "स्वस्त मिळतंय म्हटल्यावर घेतात," आप्पा म्हणाले.

चौथा दिवस: कुपवाड, जयसिंगपूर, कोल्हापूर

कुपवाडला तासभरच थांबले. महापालिकेच्या नावात तिसरं नाव याचं, औद्योगिक वसाहत याची, पण चर्चेत हे कधीच नसतं. कारखान्याच्या गेटवर दोघे कामगार वडापाव खात होते. सांगली-मिरजेबद्दल विचारलं तर एक म्हणाला, "त्यांचं भांडण मिटलं तर आमच्या गटारीचं बघतील." पुढे बोलणं वाढलं नाही, शिफ्टची वेळ झाली होती.

कोल्हापूरला जाताना मुद्दाम जयसिंगपूरला उतरले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी वडलांच्या नावाने वसवलेलं गाव. सरळ रेषेतले रस्ते, नंबर दिलेल्या गल्ल्या. सांगलीच्या उंबऱ्यावर, पण कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत. सांगलीच्या दुसऱ्या अंगाला माधवनगर, ते मिरजेच्या धाकट्या पातीचं. पूर्वी प्रत्येक संस्थानिकाला आपल्या हद्दीत पेठ हवी होती, जकात दुसऱ्याच्या घशात जाऊ नये म्हणून. आता जकात गेली, पण आमदारांना विमानतळ हवा असतो. कवलापूरची धावपट्टी सांगलीकरांच्या बोलण्यात वारंवार येते, आणि कोल्हापूरचं नाव निघालं की एक चमत्कार होतो: मामा आणि आप्पा एका बाजूला येतात. विद्यापीठ कोल्हापूरला, विमानं कोल्हापूरला, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापूरला. "सगळं तिकडंच," असं दोघांनीही मला वेगवेगळ्या दिवशी अगदी एकाच सुरात सांगितलं होतं.

कोल्हापुरात पोचल्यावर कळलं की, ज्याच्यावर एवढा राग ते शहर स्वतःच आवळून बसलं आहे. १९७२ मध्ये कोल्हापूरची महापालिका झाली ती हद्दीत एका इंचाची वाढ न होता. सदुसष्ट चौरस किलोमीटरच्या आत सगळं, आणि भोवतीची गावं हद्दवाढीला कडाडून विरोध करणारी. मोर्चे, बंद, ठराव, सगळं होऊन गेलं. सांगली-मिरजेला सरकारने एकत्र बांधलं आणि ती भांडत राहिली. कोल्हापूरला कोणाला बांधूच दिलं नाही.

शहराच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात चहाला थांबले. केएमटीची, म्हणजे कोल्हापूरची सिटी बस समोरून गेली. टपरीवाल्या काकांना विचारलं, हद्दवाढ का नको?

"घरफाळा वाढतोय की. आन् देणार काय? शहरातल्या लोकांना पाणी नाही धड, आमाला कुठलं देणार?"

टपरीच्या मागे शेतात मोठा फलक होता: 'कोल्हापूर शहरात प्लॉट, बँक कर्ज उपलब्ध.' मी तिकडे बोट दाखवलं. ही जमीन तर ग्रामपंचायतीत येते ना?

"येते की. माझीच हाय."

"मग फलकावर कोल्हापूर शहर?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "गावाचं नाव टाकलं तर गुंठ्याला निम्मा भाव मिळतोय, ताई. विकायला शहर, ऱ्हायला गाव. साखर कमी घालू का?"